सोडायला आलेली माणसं

पासपोर्टची पिशवी मी माझ्याच हातानं दुसऱ्या गाडीत ठेवली.

कोणी सांगितलं नव्हतं. बाभुळगावला साडूभाऊंच्या अंगणात सकाळी दोन भाड्याच्या जीपा उभ्या होत्या. माणसं चढत होती, काहीतरी विसरलं म्हणून उतरत होती, पुन्हा चढत होती, आणि मी मधोमध उभा राहून वजनाचा तोल पाहत होतो. विमानांच्या धंद्यात आयुष्य गेलं की ही खोड लागते. पुढच्या जीपच्या टपावर दोन मोठ्या सुटकेसा होत्या, आत सासूबाई सोडून सगळ्या बायका होत्या, आणि ती मागून बसल्यासारखी दिसत होती. मागची जीप त्या मानानं हलकी. सुटकेसा हलवायला माझी कंबर तयार नव्हती, म्हणून मी पुढच्या सीटवरची एक काळी पिशवी उचलली आणि मागच्या जीपमध्ये सासूबाईंच्या पायाशी नेऊन ठेवली. त्या पिशवीनं जीपचा तोल किती सुधारला हे कृपा करून विचारू नका.

पण त्यामागे आणखी एक विचार होता. पिशवीत कागदपत्रं दिसत होती, आणि सासूबाईंच्या पायाशी ठेवलेली वस्तू यमसुद्धा हलवू शकत नाही. तेवढ्यावर न थांबता मी त्यांना बजावलंही. म्हटलं, "आई, ही पिशवी कोणाच्या हाती द्यायची नाही. मी मागीन तेव्हाच द्या."

त्यांनी दोन्ही पाय पिशवीवर ठेवले आणि म्हणाल्या, "नाही देत."

आता हे भाचीला जाऊन सांगायचं, एवढंच उरलं होतं. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला, आणि ते राहून गेलं.

भाची म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीची आणि साडूभाऊंची मुलगी. नर्स आहे. यवतमाळात दवाखान्यात रात्रपाळ्या करता करता ती जर्मन शिकली. सलाइन लावताना शब्द पाठ करायची, असं तिची आई सांगते. जर्मनीतल्या एका दवाखान्यात तिची निवड झाली होती. तिच्याबरोबरच्या सगळ्या मुली मुंबईत जमणार होत्या आणि रात्रीच्या विमानानं एकत्र पुढे जाणार होत्या. त्यासाठी तिला नागपूरहून दुपारचं विमान धरायचं होतं. जी मुलगी हुकेल तिचा नंबर पुढच्या तुकडीत. पुढची तुकडी कधी जाईल हे सांगायला कोणी तयार नव्हतं. तिच्या आधीची एक मुलगी अशीच हुकली होती, ती अजून हुकलेलीच होती. त्यामुळे त्या दिवशी आमच्या घरात एकच गोष्ट महत्त्वाची होती. पोरगी त्या विमानात बसली पाहिजे.

आणि ती बसवण्याची जबाबदारी सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकली होती, कारण मी विमानवाला.

मी विमानवाला आहे म्हणजे काय, हे आमच्या नात्यात कोणालाही नीट समजलेलं नाही. यवतमाळात एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या मजल्यावर माझी लहानशी सल्लागार कंपनी आहे. एखाद्या विमानतळाला धावपट्टी काही महिने बंद ठेवायची असते, दारं वाढवायची असतात, रस्ते बदलायचे असतात. खऱ्या विमानतळावर असले प्रयोग करून पाहता येत नाहीत. म्हणून आम्ही अख्खा विमानतळ कॉम्प्युटरवर उभा करतो, त्यात विमानं सोडतो, गाड्या सोडतो, माणसं सोडतो आणि कुठे तुंबतं ते पाहतो. पडद्यावर माणसं म्हणजे निळे ठिपके. बरीच वर्षं मी बंगळुरात दुसऱ्याच्या कंपनीत हे ठिपके हलवले. मग लक्षात आलं की ठिपके यवतमाळातूनही हलतात, आणि इथे दुपारी घरी जेवायला जाता येतं.

साडूभाऊ कापूस, तूर, सोयाबीनवाले. त्यांना मी हे सगळं एकदा तपशिलात समजावलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे साडूभाऊ, तुमच्या विमानात बसलेला आजवर कोणी मेला नाही."

मी म्हटलं, नाही.

"अन् कोणी कुठं पोचलाही नाही."

हे वाक्य ते तेव्हापासून प्रत्येक लग्नात ऐकवतात.

कंपनीचा प्रमुख म्हणजे तिथला सगळ्यात हुशार माणूस, असं लोकांना वाटतं. तसा नियम असता तर मला कोणी नेमलं नसतं. मीच नेमलं म्हणून मी झालो. प्रमुखाचं खरं काम फार कंटाळवाणं असतं. दोन माणसं दोन आकडे घेऊन समोर उभी राहतात, आणि कोणत्या आकड्याखाली कंपनीचं नाव घालायचं ते त्यानं सांगायचं. बाकी वेळ चहा सांगायचा.

त्या आठवड्यात असेच दोन आकडे माझ्यासमोर होते. दुसऱ्या राज्यातल्या एका विमानतळाला आपल्या दारासमोरच्या रस्त्याची एक रांग, म्हणजे लेन, काढून टाकून तिथे दुकानं करायची होती. उरलेल्या रांगांवर भागेल का, एवढंच आम्ही सांगायचं होतं. सगळा हिशोब एका गोष्टीवर अडला होता: प्रवासी सोडायला आलेली गाडी दारात किती वेळ थांबते. आमच्या धंद्यात यासाठी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, सगळे त्यातला आकडा घेतात. त्या आकड्यात दार उघडतं, बॅग उतरते, एक हात हलतो आणि गाडी निघून जाते.

आमची सगळ्यात वरची इंजिनिअर राजूरची आहे. वडील कोळशाच्या खाणीत होते. उद्या मी खुर्ची सोडली तर तिच्यावर तीच बसेल, हे तिलाही माहीत आहे आणि खुर्चीलाही. ती त्या विमानतळाच्या दारात जाऊन उभी राहून आली होती आणि पुस्तकाच्या कितीतरी पट मोठा आकडा घेऊन आली होती. शिवाय तिनं पडद्यावर निळ्या ठिपक्यांच्या भोवती करडे ठिपके आणले होते. मी विचारलं, हे कोण. ती म्हणाली, "सर, हे सोडाले आलेले. आपल्याकडं प्रवासी एकटा कुठं येतो." आणखी म्हणाली की दारात जागा नाही मिळाली तर गाडी घरी जात नाही, चक्कर मारून पुन्हा तिथेच येते, आणि पुस्तकात हे धरलेलंच नाही.

मी तिला समजावलं. तू लग्नसराईत गेली असशील, म्हटलं. पुस्तकामागे जगभरची मापं आहेत, तुझ्यामागे तू आहेस. उद्या ग्राहकानं विचारलं की हे कोण म्हणतं, तर काय सांगायचं? सल्ला देणाऱ्याला हा प्रश्न चुकत नाही, त्यामुळे माझं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं. शेवटी पुस्तकाचा आकडा अहवालात आणि तिचा मागच्या पानांत, असं मी ठरवलं. ती "बरं सर" म्हणाली. आमच्याकडे "बरं" हा शब्द दोन प्रकारे म्हणतात, आणि हा दुसरा प्रकार होता.

तो अहवाल त्याच दिवशी संध्याकाळी जायचा होता, ज्या दिवशी भाची निघाली. अंगणात असताना आलेला फोन त्याचाच होता.

घरच्या या प्रवासाची कॉम्प्युटरवरची नक्कलही मी ऑफिसात बसून केली होती, हे आता सांगायला हरकत नाही. कळंबला गणपतीचं दर्शन धरलं होतं, कारण त्या रस्त्यानं जाणारी आमची कोणतीही गाडी तिथे थांबल्याशिवाय पुढे जात नाही. देवळीचा चहा धरला होता. जिनिंग मिलकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्या धरल्या होत्या. आणि विमानतळाच्या दारात थांबायचा वेळ? पुस्तकातला.

बसायच्या जागाही मीच ठरवल्या. बायको तेव्हा म्हणाली होती की आईला पोरीच्या गाडीत बसवा. मी तिला समजावलं की सासूबाईंचे गुडघे दुखतात, दुसऱ्या जीपची पुढची सीट ऐसपैस आहे, आणि शेवटी दोन्ही गाड्या एकाच दारात जाणार. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

कळंबला दर्शनाला वेळ लागला. रांगेमुळे नाही, आमच्यामुळे. देवळाबाहेर भाचीच्या आईची जुनी मैत्रीण भेटली, तिनं पोरीची ओटी भरायचं काढलं, नारळ आणायला माणूस पाठवला. त्यात देवळीच्या अलीकडे कापसानं भरलेली एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. मी पुढच्या जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून घड्याळ पाहत होतो आणि मागे कोणाला दिसू नये म्हणून हात खिडकीबाहेर ठेवला होता. भाची मागून हळूच म्हणाली, "काका, पोचू ना?" मी म्हटलं, आपण ठरल्याप्रमाणे चाललो आहोत. नागपूर जवळ येईपर्यंत मी ठरलेल्यातून चहा काढून टाकला होता आणि राखून ठेवलेला वेळही खाऊन झाला होता.

विमानतळाच्या दारात पोचलो तेव्हा सामान घेणारा काउंटर बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. थोडा, पण पुरेसा. आमच्या ड्रायव्हरनं एका निघालेल्या गाडीच्या जागेत जीप अशी घुसवली की मी मनातल्या मनात त्याला कंपनीत घेतलं. सुटकेसा उतरल्या. ढकलगाडी आली. मागून आमची दुसरी जीप आली, पण तिला जागा नव्हती. दारातल्या गाड्या हलवणाऱ्या शिट्टीवाल्यानं हात केला, पुढे चला. ती आमच्या शेजारून सरकत पुढे गेली. सासूबाई काचेतून भाचीकडे पाहत होत्या. भाचीनं हात हलवला आणि ओरडून सांगितलं, "आजी, या लवकर."

मग ती पाठीमागे वळली, जीपच्या आत वाकली, पुढच्या सीटवर पाहिलं, सीटखाली पाहिलं.

"काका, माझी काळी पिशवी?"

"सुरक्षित आहे," मी म्हटलं. माझ्या आवाजात थोडा अभिमानही होता.

"कुठं?"

मी दुसऱ्या जीपच्या दिशेनं बोट दाखवलं. ती वळणावरून बाहेर पडत होती.

भाचीचा चेहरा उतरला. पासपोर्ट, आधार, व्हिसाचे कागद, सगळं त्याच पिशवीत होतं. तिच्याशिवाय दारातला जवान आत सोडणार नव्हता, आणि सोडून उपयोगही नव्हता. ती रडली नाही. रात्रपाळीच्या नर्सला वाईट बातमीची सवय असते. फक्त एवढंच म्हणाली, "काहून ठेवली तिकडं?"

वजनाचा तोल, असं मी सांगणार होतो. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं नाही.

मी साडूभाऊंना फोन लावला. ते दुसऱ्या जीपमध्ये होते. म्हटलं, कुठे आहात?

"हे काय, तुमच्या समोरूनच गेलो. हातही दाखवला. तुम्ही पाह्यलंच नाही."

मी त्यांना पिशवीचं सांगितलं. गाडी थांबवा, पिशवी घ्या आणि पळत या. फोनमध्ये बराच वेळ गडबड ऐकू आली. मग साडूभाऊ परत आले, आवाज खाली आणून बोलू लागले. "आई देऊन नाही राह्यल्या."

"म्हणजे?"

"म्हणतात, जवाईबापूनं सांगितलं, माझ्याच हाती द्यायची. पायच नाही उचलत."

मी म्हटलं, त्यांना फोन द्या. फोन दिला गेला. मी सांगितलं, आई, मी बोलतो आहे, पिशवी द्या. पलीकडून उत्तर आलं, की जवाईबापू फोनमध्ये आहेत, पिशवी गाडीत आहे, हाती कशी देणार? तुम्ही या, देते. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात दिलेला शब्द मोडलेला नाही, हे मी लग्नापासून कौतुकानं सांगत आलो आहे.

जीप बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गेली होती. तिथून लांबचं वळण घेऊन ती पुन्हा आत येणार होती. घरी जाणार नव्हती, चक्कर मारून परत येणार होती. हे वाक्य मी अलीकडेच कोणाकडून तरी ऐकलं होतं.

भाचीची आई देवाचं नाव घेऊ लागली. बायकोनं भाचीला घेऊन दाराशी रांगेत उभं केलं, म्हणजे पिशवी आली की वेळ जायला नको. हे मला सुचायला हवं होतं. रांगा हा माझा विषय आहे.

आणि आता दारासमोरचा रस्ता तुंबायला लागला. कुठल्याशा मोठ्या विमानाची वेळ झाली असावी. गाड्या येत होत्या, आणि प्रत्येक गाडीतून एक जाणारा आणि त्याचं सगळं गाव उतरत होतं. कोणी पाया पडत होतं. कोणी सुटकेस पुन्हा उघडून त्यात लोणच्याची बरणी कोंबत होतं. एका मुलाला त्याचे वडील काही न बोलता नुसते दंडाला धरून उभे होते, आणि त्यांच्या मागे शिट्टी वाजत होती. कोणतीही गाडी हलत नव्हती. मी त्या गर्दीकडे पाहिलं आणि इतका संतापलो की बस. या लोकांना घरी निरोप घेता येत नाही का, असं मी मोठ्यानं म्हणालो. आमच्या भाचीची आई, तिच्या दोन चुलत नणंदा, शेजारीण आणि शेजारणीची सून, सगळ्या माझ्या भोवती उभ्या होत्या.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. इंजिनिअर. ग्राहकाला अहवाल संध्याकाळऐवजी आत्ताच हवा होता, त्यांची बैठक लवकर ठेवली होती. "सर, पुस्तकाच्या आकड्याचाच पाठवू ना?"

मी म्हटलं, थांब. आणि फोन तसाच खिशात टाकला. तो बंद करायचा राहिला हे मला नंतर कळलं.

कारण दुसरी जीप दिसली होती. ती आत आली होती, पण सगळ्यात बाहेरच्या रांगेत, लोखंडी कठड्याच्या पलीकडे, आणि तिथेच रुतून बसली होती. पुढे गाडी, मागे गाडी. साडूभाऊ खिडकीतून अर्धे बाहेर येऊन हात हलवत होते.

मी निघालो. दोन गाड्यांच्या मधून माणूस जाऊ शकतो, असं आमच्या हिशोबात असतं. तो माणूस बारीक असतो. माझं पोट एका आरशाला अडलं, आरसा दुमडला, आतला माणूस काहीतरी बोलला. कठड्यापाशी पोचलो तेव्हा छातीत ढोल वाजत होता. कठडा चढणं मला शक्य नव्हतं, आणि हे कठड्याला बघताक्षणी कळलं असावं. पलीकडून साडूभाऊंनी जीपचं दार उघडलं. सासूबाईंनी मला नीट पाहून घेतलं, मीच आहे याची खात्री केली, मग पाय उचलले आणि पिशवी पुढे केली. साडूभाऊंनी ती कठड्यावरून माझ्या हातात दिली.

"हेही न्या," सासूबाई म्हणाल्या, आणि मांडीवरची स्टीलची डबी पुढे केली. दही होतं. निघणाऱ्याच्या तळहातावर घालायचं दही. बाभुळगावपासून त्यांनी ती डबी दोन्ही हातांनी धरून आणली होती. "मी येतेच मागून, पण वेळ झाला तर देऊन द्या तिले."

मी वळलो, आणि माझ्या मागची फट बंद झाली होती. ज्या दोन गाड्यांमधून आलो होतो त्या सरकून एकमेकींना चिकटल्या होत्या. दाराशी रांगेत भाचीचा नंबर आलेला मला लांबून दिसत होता. ती बाजूला झाली, मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं. मग पुन्हा बाजूला झाली.

शेजारच्या गाडीपाशी एक बाई उभी होती. तिच्याही हातात नारळ होता, तीही कोणालातरी सोडायला आलेली. तिनं माझ्याकडे, पिशवीकडे आणि डबीकडे पाहिलं. विचारलं, काय झालं भाऊ? मी म्हटलं, पासपोर्ट. पोरगी तिकडे दाराशी. जांभळा पंजाबी ड्रेस.

तिनं माझ्या हातातून पिशवी घेतली. मला वाटलं ती घेऊन जाईल; तिनं ती बॉनेटवरून पलीकडच्या माणसाकडे दिली आणि सांगितलं, जांभळा ड्रेस, पासपोर्ट आहे. त्यानं पुढे दिली. लोणच्याची बरणी कोंबणाऱ्यानं दिली. दंडाला धरून उभ्या असलेल्या वडिलांनी मुलाचा दंड सोडला, पिशवी घेतली, पुढे दिली आणि पुन्हा दंड धरला. जांभळा ड्रेस, जांभळा ड्रेस, असं पुढे पुढे जात होतं. एका ठिकाणी पिशवी भलत्याच जांभळ्या ड्रेसच्या हातात गेली. त्या मुलीनं मान हलवली आणि ती पुढे ढकलली. मागून डबी निघाली. ती सावकाश जात होती, कारण प्रत्येक जण पुढच्याला बजावत होता की दही आहे, आडवी करू नका.

मी दोन गाड्यांमध्ये अडकून उभा होतो आणि पाहत होतो. काही क्षणांपूर्वी यांना मी काय म्हणालो होतो, ते मला आठवत होतं. तुंबवलं होतं ते यांनीच. त्यातही खोटं काही नव्हतं.

पिशवी भाचीच्या हातात पडलेली दिसली. तिनं आत हात घालून पासपोर्ट काढला, वर धरला, मला दिसावा म्हणून. मग तिच्या आईनं डबी उघडली. भाचीनं तळहात पुढे केला, दही तोंडात टाकलं, हात ओढणीला पुसला, मावशीच्या आणि आईच्या पाया पडली आणि आमच्या दिशेनं, बाहेरच्या रांगेकडे, टाचा उंचावून पाहू लागली. ती माझ्याकडे पाहत नव्हती. जवानानं तिचे कागद परत दिले. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला दारातून आत लोटलं.

मी खिशातून फोन काढला. तो अजून चालूच होता. म्हटलं, "आहेस का?"

"आहे सर. सगळं ऐकून राह्यली. भेटली का पिशवी?"

"भेटली. तू तुझा पाठव."

ती म्हणाली, "ग्राहक विचारतील, हे कोण म्हणतं."

"मी म्हणतो म्हणून सांग."

"बरं सर," ती म्हणाली. हा पहिल्या प्रकारचा होता.

जीपला जागा मिळून सासूबाई उतरल्या तेव्हा भाची दिसेनाशी झाली होती. सामान देऊन ती तपासणीच्या वळणाआड गेली होती. साडूभाऊंनी त्यांना धरून काचेपाशी आणलं. त्यांनी काचेला कपाळ टेकवलं, दोन्ही हातांची ओंजळ करून आत पाहिलं. कुठंय, विचारलं. आत कितीतरी मुली होत्या, बॅगा ओढत चाललेल्या. सासूबाई त्यांच्यात शोधत राहिल्या. रडल्या नाहीत. "दही खाल्लं?" एवढं विचारलं. खाल्लं म्हणून सांगितलं. तरी त्या काचेपासून हलल्या नाहीत. आमच्या दोन्ही जीपा तोवर दोन चकरा मारून आल्या, आणि शिट्टीवाल्याला मी ओळखीचा झालो.

परतीच्या वाटेवर सासूबाई पुढच्या जीपमध्ये बसल्या. मी मागच्या जीपमध्ये बसलो. मला कोणी बसवलं नाही, मीच जाऊन बसलो. देवळी आल्यावर साडूभाऊ म्हणाले, "काही म्हणा साडूभाऊ, तुमचं पहिलं माणूस पोचलं." कारण तेवढ्यात भाचीचा निरोप आला होता. मुंबई. सगळ्या मुली भेटल्या. पासपोर्टला दह्याचा वास येतो आहे.

विमानतळवाल्यांनी आमचा अहवाल नाराजीनं घेतला. दुकानांचा नकाशा त्यांनी अजून गुंडाळलेला नाही. पुन्हा बोलावलं आहे, आणि यावेळी मी इंजिनिअरला पुढे बसवणार आहे, मी मागे बसून चहा सांगीन. दरम्यान ऑफिसात करड्या ठिपक्यांवर काम चाललं आहे. परवा तिनं मला विचारलं की सोडायला आलेला माणूस, प्रवासी आत गेल्यावर, आणखी किती वेळ थांबतो. तुम्ही तिथे होता, तुम्ही मोजलं असेल. मी म्हटलं, नाही मोजलं. ती माझ्याकडे पाहत राहिली. पुस्तकात पाहा, असं म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं.

परवाच संध्याकाळी जेवताना मी बायकोला हे सगळं सांगत होतो. म्हटलं, आता आमच्या पडद्यावर तुझी माणसंही आली. निळा ठिपका आत जातो, आणि करडे बाहेर राहतात. ती भाकरी मोडत ऐकत होती. विमानतळावरच्या त्या दिवसाबद्दल ती तोवर एक शब्दही बोलली नव्हती. पिशवीबद्दल नाही, जागा ठरवल्याबद्दल नाही. मला वाटलं, झालं, विसरली.

तिनं विचारलं, "माझी आई हाय का त्यात?"

मी म्हटलं, तशी नावं नसतात, पण समज, आहे.

"कुठं उभी केली?"

मी खरं ते सांगितलं. की अजून ठरलेलं नाही. की बाहेरचे ठिपके कुठेही उभे राहिले तरी हिशोबात फरक पडत नाही.

तिनं माझ्या ताटात भाकरीचा तुकडा टाकला.

"काचेजवळ ठेवा," ती म्हणाली. "अन् पोरगी आत जायच्या आधी ठेवा."